यंत्र आपले, किल्ली कोणाची?



महाडकरांस चवदार तळ्याची हकिगत सांगणे म्हणजे आजोळी जाऊन आजीची ओळख करून देण्यासारखे आहे. तरीही आजच्या विषयाला हात घालण्यापूर्वी मी त्या तळ्याच्या पायऱ्यांवर क्षणभर थांबणार आहे. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांस वापरू द्यावेत, असा त्याचा आशय होता. १९२४ च्या आरंभी महाडच्या नगरपालिकेनेही तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. ठराव झाला, शाई वाळली, दप्तर बांधले गेले. आणि पुढची तीन वर्षे तळ्यावर कालचाच दिवस उगवत राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेच्या प्रतिनिधींसह तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि तो कागद प्रथम खरा झाला. त्यापायी त्या लोकांना मार खावा लागला, हेही आपण जाणता. त्याच वर्षीच्या ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात दावा दाखल झाला. तळे सार्वजनिक की खासगी, वहिवाट अनादि की अलीकडची, याचा खल सुरू झाला, तो मुंबईच्या उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी संपला. पाण्याच्या एका ओंजळीचा निवाडा व्हायला दहा वर्षे लागली.

त्या लढ्याशी माझ्या आजच्या विषयाची बरोबरी करण्याचा अविचार मी करणार नाही. तेथे माणसाच्या माणूसपणाचा प्रश्न होता. मी बोलणार आहे ते यंत्रांविषयी. पण इतिहासाचा अभ्यासक सवयीने एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगाकडे पाहतो, आणि त्या तळ्याकाठचे दोनच प्रश्न मी उसने घेतो. एखादी वस्तू तुम्हांला खुली आहे असे कोणी जाहीर केले, म्हणजे ती वापरण्याचा अधिकार खरोखरच तुमच्या हाती आला काय? आणि तो अधिकार उद्या मागे घेण्याची दोरी कोणाच्या हाती राहिली?

आता आपापल्या खिशात हात घालून पाहा. जो फोन हाताला लागेल त्याचे पैसे आपण मोजले आहेत, पावती आपल्या नावाची आहे, हप्तेही आपणच फेडले. तरीही त्यात विकत घेतेवेळीच भरून ठेवलेली कित्येक ॲप काढून टाकू म्हटले तर निघत नाहीत. आतील कार्यप्रणाली बदलू म्हटले तर कुलूप आहे. कंपनीने सुधारणा पाठवणे थांबवले, की चालता-बोलता फोन निकामी ठरू लागतो. घर आपले, पण चौकट आणि कडीकोयंडा दुसऱ्याचा, अशी ही मालकी आहे. ती अशी कशी झाली याचा इतिहास पाहण्याजोगा आहे, आणि त्यातला एक मोठा भाग आपल्या मराठी अक्षरांचाच इतिहास आहे.

मी पोलादपूरकडचा. कवींद्र परमानंदांची समाधी आमच्या गावी आहे. शिवछत्रपतींच्या चरित्रावर त्यांनी संस्कृतात ‘शिवभारत’ रचले. ते अपुरेच राहिले. ज्या ग्रंथाचे नाते रायगडाच्या परिसराशी, त्याची पोथी सापडली कोठे, तर तंजावरास! तिच्यावरून सदाशिव महादेव दिवेकरांनी १९२७ साली तो ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. म्हणजे आपल्याकडे तळ्याचा सत्याग्रह झाला, त्याच साली परमानंदांचा ग्रंथ अडीच शतकांनी मराठी वाचकांच्या हाती आला. मला ह्या योगायोगाचे फार स्तोम माजवायचे नाही. मला कुतूहल आहे ते एवढ्याचे, की अडीचशे वर्षे तो ग्रंथ टिकला कशाने? कोणी एकाने जपून ठेवला म्हणून नव्हे, तर कोणालाही त्याची नक्कल करता येत होती म्हणून. पोथीला कुलूप नसते. ज्याला अक्षर येते त्याला ती वाचता येते, उतरून घेता येते, समासात शंका लिहिता येते. नकलणाऱ्यांनी चुका केल्या असतील, केल्याच असतील. परंतु चूक दुरुस्त करण्याची वाटही तीच होती.

छापखाने आले तेव्हाही ही वाट बंद झाली नाही. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचे देवनागरी खिळे देखणेपणाबद्दल नावाजले गेले. छापखानेवाल्याने एकदा खिळे विकत घेतले, की तो त्यांनी पंचांग छापो की पोवाडा, लग्नपत्रिका छापो की सरकारवर टीका, खिळे विकणारा त्याला जाब विचारीत नसे (सरकार विचारी, ती गोष्ट वेगळी). खिळे झिजले तर वितळवून पुन्हा ओतता येत. लोकमान्यांनी केसरीच्या छपाईसाठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा उद्योग आरंभिला, तेव्हा त्यांना कोणाची परवानगी मागावी लागली नाही. हत्यार ज्याचे, त्यावर हुकमत त्याची, ही गोष्ट इतकी स्वाभाविक होती की तिला कोणी स्वातंत्र्य असे नावही दिले नाही. हवा आहे तोवर श्वासाला कोण नाव देतो?

संगणकाच्या आरंभीच्या काळातही असेच होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक नावाचा संगणक १९६० साली सुरू झाला. तो तेथल्याच मंडळींनी बांधलेला होता. जो संगणक वापरी तोच बहुधा त्याचा कार्यक्रम लिही, आणि शेजारच्याला तो वाचायला देई. येथे दोन शब्द समजून घेतले पाहिजेत. कार्यक्रम माणूस लिहितो तेव्हा तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत असतो. त्याला सोर्स कोड म्हणतात. यंत्राला तो पचावा म्हणून त्याचे आकड्यांच्या चूर्णात रूपांतर करतात. वैद्याच्या वहीतली कृती आणि त्याने हातावर ठेवलेली पुडी यांत जो फरक, तोच ह्या दोहोंत आहे. पुडी घेऊन गुण येईल. पण तीत काय आहे, मात्रा कमी कशी करावी, अमुक जिन्नस सोसत नसेल तर काय घालावे, हे पुडीवरून कळत नाही. हळूहळू व्यापाराची रीत अशी पडली, की पुडी विकावी आणि वही तिजोरीत ठेवावी. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना उघडे पत्र लिहून, आमचे सॉफ्टवेअर पैसे न देता वापरणे ही चोरी आहे, असे बजावले. त्यांचे म्हणणे अगदीच वावगे होते असे मी म्हणणार नाही. राबणाऱ्याला मोबदला हवा. मात्र मोबदला आणि तिजोरी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या धामधुमीत विसरले गेले.

ते ज्याच्या ध्यानात राहिले तो मनुष्य अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करीत होता. रिचर्ड स्टॉलमन त्याचे नाव. प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीचा एक छपाईयंत्राचा नमुना भेट मिळाला होता. त्यात कागद अडके, आणि छापायला दिलेला मनुष्य वरच्या मजल्यावर वाट पाहत बसे. आधीच्या यंत्रात स्टॉलमनने एक लहानशी सोय स्वतः घातली होती: कागद अडकला की सर्वांना तसा निरोप जाई. नव्या यंत्रातही ती घालावी म्हणून त्याने सोर्स कोड मागितला, तेव्हा ज्याच्याजवळ तो होता त्याने नकार दिला. कारण कोणाला देणार नाही असा करार त्याने लिहून दिला होता. गोष्ट क्षुल्लक वाटते. पण एका शेजाऱ्याने दुसऱ्याला मदत करणे हाच गुन्हा ठरावा, हे स्टॉलमनला सोसवले नाही. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्याने संपूर्ण मुक्त कार्यप्रणाली नव्याने लिहून काढण्याचा संकल्प जाहीर केला, आणि १९८५ साली त्यासाठी एक प्रतिष्ठान स्थापले.

ह्या चळवळीने वापरणाऱ्याची चार स्वातंत्र्ये मानली आहेत. कार्यक्रम कोणत्याही कामासाठी चालवता यावा. तो कसा चालतो हे पाहून आपल्या गरजेप्रमाणे बदलता यावा. त्याच्या प्रती शेजाऱ्याला देता याव्यात. आणि आपण केलेली सुधारणाही सर्वांना वाटता यावी. यात ‘फुकट’ हा शब्द कोठेही नाही, हे लक्षात घ्यावे. इंग्रजीत ‘फ्री’ ह्या एकाच शब्दात फुकटही येते आणि स्वतंत्रही, त्यामुळे त्या लोकांना चाळीस वर्षे खुलासे करीत बसावे लागले आहे. आपल्या भाषेने ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे दोन निराळे शब्द दिले आहेत, आणि तरीही आपण त्यांची गल्लत करतोच! १९८९ साली स्टॉलमनने एक परवाना रचला, त्यातील खुबी वकिलांनीही कौतुक करावे अशी आहे. कायदा लेखकाला प्रती रोखण्याचा हक्क देतो; ह्या परवान्याने त्याच हक्काच्या बळावर अशी अट घातली, की घ्या, बदला, वाटा, विका; मात्र बदललेली वस्तू पुढच्याला देताना हीच मोकळीक त्यालाही द्या. म्हणजे खुले केलेले पाणी पुढे कोणी बांध घालून अडवू नये, याची तजवीज दानपत्रातच झाली. १९९१ च्या ऑगस्टात हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स ह्या आपल्या उद्योगाची वर्दी दिली, आणि पुढच्या वर्षी तो ह्याच परवान्याखाली आणला. आज जगातील बहुतेक मोठी संगणककेंद्रे लिनक्सवर चालतात.

आता घरी येऊ. १९९८ साली आमच्या एका लहानशा मंडळाने एक स्मरणिका काढली होती. सावित्रीतून गलबते महाडच्या बंदराला लागत त्या काळच्या आठवणी, आंबेनळी आणि कशेडी घाटांतल्या बैलगाड्यांच्या वाटा, जुन्या बाजारपेठेतले भाव, असे पुष्कळ साहित्य म्हाताऱ्या माणसांना विचारून जमवले होते. सांगणारे बहुतेक सगळे आता गेले. २२ जुलै २०२१ च्या महापुरात त्या रात्री महाडच्या घराघरांत काय झाले, हे मी आपणांस सांगावयास नको. स्मरणिकेच्या उरलेल्या प्रतींचा लगदा झाला. सुदैवाने मुंबईतील एका सभासदाच्या कपाटात मजकुराची सीडी निघाली. मोठ्या आशेने आम्ही ती संगणकात घातली. फाईल उघडली, आणि पडद्यावर आली ती नुसती इंग्रजी अक्षरे, मधूनमधून डोक्यावर टोपी घातलेली फ्रेंच अक्षरे, आणि प्रश्नचिन्हे. अक्षरे जागच्या जागी होती, पण वाचणारा कोणी उरला नव्हता.

असे का झाले? १९९० च्या दशकात मराठी अक्षरजुळणीची जी सॉफ्टवेअरे बाजारात होती, ती संगणकाला एक प्रकारे फसवीत असत. इंग्रजी अक्षराच्या खोलीत मराठी अक्षराचे चित्र नेऊन ठेवावयाचे. संगणकाला वाटे की आपण इंग्रजीच लिहीत आहोत; डोळ्यांना मात्र मराठी दिसे. कोणत्या खोलीत कोणते चित्र, हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवी. एकीने लिहिलेले दुसरीला वाचता येत नसे. त्यातून पुष्कळदा सॉफ्टवेअरबरोबर एक लहानशी कुपी मिळे. ती छपाईच्या भोकात खोचल्याशिवाय कार्यक्रम सुरूच होत नसे. आमच्या मंडळाने जे वापरले ते अशांपैकीच होते. कंपनीचे नाव घेण्यात अर्थ नाही. सगळ्यांचीच तऱ्हा ती होती, आणि त्या काळी मराठी पडद्यावर आणले हे त्यांचे उपकारही होतेच. परंतु कुपी हरवली, नव्या संगणकाला तसले भोक राहिले नाही, जुने सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर चालेना. परमानंदांची पोथी अडीचशे वर्षांनी वाचता आली. आमची स्मरणिका तेवीस वर्षांत मुकी झाली.

वास्तविक सर्वांसाठी एकच कोष्टक असावे, हा विचार आपल्याकडे फार आधी झाला होता. भारतीय भाषांसाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक १९८६ साली प्रमाण ठरला. पुण्याच्या सी-डॅकने प्रचारात आणलेली इस्की ही अक्षरसंकेतांची पद्धत १९९१ साली भारतीय मानक झाली. त्याच साली जगातील सर्व लिप्यांना एका छपराखाली आणणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. इस्कीच्या पायावर देवनागरीला तीत एकशे अठ्ठावीस जागा मिळाल्या. जागा मिळाल्या, पण ठराव आणि वापर यांतले अंतर येथेही आलेच. युनिकोडप्रमाणे जोडाक्षरे नीट लावून दाखवणारी कार्यप्रणाली हवी, सर्वांना वापरता येतील असे फॉन्ट हवेत. आणि छापखाने व कचेऱ्या जुन्या पद्धतीला सरावलेल्या. कोष्टक मंजूर झाल्यावरही पुष्कळ वर्षे मराठी मजकूर आपापल्या कोठडीतच राहिला.

र. कृ. जोशी यांचे नाव येथे घेतलेच पाहिजे. कवी, सुलेखनकार, मुंबईच्या आयआयटीत अक्षररचना शिकवणारे आचार्य. २००८ साली ते वारले. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये जो ‘मंगल’ फॉन्ट येतो, तो त्यांच्या हातचा. आणि मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीसाठी त्यांनी ‘रघु’ हा फॉन्ट केला, तोही त्यांच्याच हातचा. हात एकच, वळण एकच. पण ‘मंगल’ची मालकी कंपनीकडे, आणि ‘रघु’ स्टॉलमनच्या परवान्याखाली सर्वांचा. पुढे २००४ साली रेड हॅटने ‘लोहित’ नावाचे फॉन्ट खुले केले, आणि त्यांच्या पुण्यातील अभियंत्यांनी त्यांवर पुष्कळ काम केले. मुंबईच्या एक टाईप ह्या मंडळींनी ‘मुक्ता’ दिला. हे सारे फॉन्ट कोणीही उतरवून घ्यावेत, पुस्तकात छापावेत, त्यांत उणे दिसेल तर भर घालावी.

उणे दिसते ते कोणाला? ज्याची भाषा त्याला. हिंदीच्या ल आणि श यांची वळणे मराठीहून निराळी आहेत. ‘ॲ’ हे अक्षर मराठीला हवे. त्याला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ साली मिळाली. आणि आमच्या पोलादपूरचे तर सगळे वैभवच एका चमत्कारिक चिन्हावर उभे आहे. दऱ्या, खोऱ्या, पायऱ्या, म्हातारी माणसे म्हणतात ते ‘वाऱ्यावर’: ह्या सर्वांतला तो आडवा अर्धा र हिंदीला लागत नाही, म्हणून दिल्लीकडच्या माणसाला तो नसल्याचे जाणवतही नाही. ज्याला जाणवते त्याला दुरुस्तीची मुभा असली पाहिजे. सगळा वाद एवढ्याचाच आहे.

संगणकापुरते सांगावयाचे तर आज स्थिती बरीच बरी आहे. लिनक्सची कार्यप्रणाली, लिबरऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी ही सर्व मुक्त साधने मराठी लिहितात आणि दाखवतात. केरळ राज्याने आपल्या सरकारी शाळांतील संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर उभे केले आणि ते चालवून दाखवले. आपल्याकडील शाळांनी हे का करू नये, याचे समर्पक उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

फोनची गोष्ट मात्र अवघड आहे, आणि फोनच आता सर्वांच्या हाती आहे. ५ नोव्हेंबर २००७ रोजी गूगलने अनेक कंपन्यांच्या साहाय्याने अँड्रॉइडची घोषणा केली. पुढच्या वर्षी पहिला फोन आला. त्याच्या पोटात लिनक्स आहे, आणि अँड्रॉइडचा मूळ सोर्स कोडही प्रसिद्ध होत असतो. तेव्हा तळे खुले आहे असे म्हणावयास हरकत नाही. पण तळ्यापर्यंत जाणारी पायवाट पाहा. ॲपचे दुकान, नकाशे, टपाल, आणि इतर ॲप ज्यांच्या आधाराने चालतात त्या सेवा, हे सर्व गूगलचे खासगी आहे. ते हवे असेल तर फोन बनवणाऱ्याने करार करावयाचे. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ च्या आदेशात ह्याच करारांवर बोट ठेवले. सगळा संच मिळून घ्यावा लागतो, तो ग्राहकाला काढून टाकता येत नाही, आणि अँड्रॉइडमध्ये स्वतंत्र बदल करून निराळी कार्यप्रणाली विकण्याची वाट करारानेच अडवली जाते, असे आयोगाला आढळले. दंड झाला १,३३७.७६ कोटी रुपये. अपील न्यायाधिकरणाने २९ मार्च २०२३ रोजी दंड कायम ठेवला, पण आयोगाने दिलेले काही निर्देश रद्द केले. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाचे चाक संथ फिरते, हे महाडला नव्याने सांगावे लागणार नाही.

दुसरा एक प्रयत्न झाला, त्याची कहाणी थोडी उदास करणारी आहे. मोझिला ह्या ना-नफा संस्थेने फायरफॉक्स ओएस नावाची खुली कार्यप्रणाली काढली, आणि २०१४ साली दोन हजार रुपयांच्या आतला फोन भारतात आला. बाजारात तो टिकला नाही. २०१५ च्या अखेरीस मोझिलाने तो नाद सोडला. त्याच सोर्स कोडवरून पुढे कायओएस तयार झाली, आणि २०१७ साली आलेल्या जिओफोनमधून ती खेडोपाडी पोहोचली. बटणांचा तो फोन आपल्या वाड्यावस्त्यांवरही आला. मूळ रोप मुक्त होते. फळ मात्र कुंपणाआड गेले.

मग सामान्य माणसाला वाट नाहीच काय? आहे, पण चढणीची आहे. २०१० साली एफ-ड्रॉइड नावाचे मुक्त ॲपचे भांडार सुरू झाले. तेथे एखाद्या ॲपमध्ये जाहिराती किंवा हेरगिरी असेल तर तशी खूणचिठ्ठी लावतात, आणि प्रत्येक ॲपचा सोर्स कोड पाहता येतो. २०१६ च्या अखेरीस लिनिएजओएस आली. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या कित्येक जुन्या फोनांत ती भरता येते, आणि ते पुन्हा काही वर्षे कामाला येतात. मात्र त्यासाठी फोनचे आरंभीचे कुलूप उघडावे लागते. काही कंपन्या ते उघडू देतच नाहीत. उघडले तर काही बँकांची ॲप चालावयास नकार देतात. चुकले तर फोन दगड होऊन बसतो. हे मी लपवीत नाही. कोणी आपल्याला मुक्तीचा मार्ग गुळगुळीत आहे असे सांगू लागला, तर त्याच्यापासूनही जपून असावे.

परंतु ही केवळ हौशी पोरांची बाब आहे असे समजून हात झटकण्यासारखी स्थिती आता राहिलेली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली: शेतातल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः फोनवरून करावयाची. योजना चांगली आहे. तलाठ्याची वाट पाहणे वाचते. पण याचा अर्थ असा, की सातबाऱ्यापर्यंत जाणारी वाट आता फोनमधून जाते. पिठाची गिरणी नादुरुस्त झाली तर आपण दुसरीकडे दळण नेतो. ज्या यंत्रातून शेताची नोंद, बँकेचे खाते, मुलांची फी आणि आजाऱ्याचा निरोप जातो, त्याची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न मग सार्वजनिक पाणवठ्याच्या जातीचा होतो.

आणि ती दोरी अजून ओढली जात आहेच. २०२५ च्या ऑगस्टात गूगलने जाहीर केले, की त्यांनी प्रमाणित केलेल्या अँड्रॉइड फोनांवर बाहेरून घातलेली ॲपसुद्धा, त्यांच्या लेखकांनी आपली ओळख कंपनीकडे नोंदवल्याशिवाय चालू दिली जाणार नाहीत. आरंभ २०२६ च्या सप्टेंबरात चार देशांतून, आणि नंतर इतरत्र. कारण दिले ते फसवणुकीचे. कारण खोटे नाही. फोनवरून लुबाडले गेलेले लोक ह्या सभेतही निघतील. एफ-ड्रॉइडच्या मंडळींनी हरकत घेतली, की असे झाल्यास आमचे भांडारच चालणार नाही. बराच गिल्ला झाल्यावर, जाणत्या लोकांसाठी एखादी पायवाट ठेवू, असे नोव्हेंबरात कंपनीने कळवले. चोरांच्या भीतीने दाराला कडी लावावी, हे कोणालाही पटेल. कडी आतून असावी की बाहेरून, एवढेच मी विचारतो.

आमच्या स्मरणिकेचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये उतरवणारा एक लहानसा कार्यक्रम कोणा अनामिकाने लिहून सर्वांसाठी खुला ठेवला होता. पोलादपूरच्या, अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका मुलीने तो मिळवला. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकित होई आणि रफार नंतर. नव्या पद्धतीत दोन्हींची जागा पालटावी लागते. तो कार्यक्रम हे बिनचूक करी. दोन दिवसांत आम्हांला आमच्या म्हाताऱ्यांचे बोलणे पुन्हा वाचावयास मिळाले. वाचता वाचता मात्र सर्वांना हसू आले, कारण पोलादपूरच्या आसपास जागोजाग समुद्र पसरला होता. लिहिणारा हिंदी भाषक असावा. अर्ध्या र साठी त्याच्या कोष्टकात ओळच नव्हती, त्यामुळे आमच्या सगळ्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ झाल्या होत्या.

सोर्स कोड समोर होता. मुलीने कोष्टकात एक ओळ वाढवली, मजकूर पुन्हा उतरवला, आणि सुधारलेला कार्यक्रम मूळ जागी परत पाठवून दिला. नंतर तिने छापील प्रतीचा एक भिजका तुकडा शेजारी ठेवून पडताळा घेतला. सतरा ठिकाणी दर्याच्या दऱ्या झाल्या होत्या. त्यांपैकी चार ठिकाणे एका जुन्या तांडेलाच्या आठवणींतली होती. तिथे मूळ टंकलेखकानेच चुकून अर्धा र घातलेला होता, आणि म्हाताऱ्याला खरोखरच दर्या म्हणावयाचे होते.